निवडणूक तोंडावर असताना उच्च न्यायालयातल्या रिकाम्या जागा भराव्यात का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ठाण्याचे आहेत. त्यांच्या वडिलांचं अपील मुंबई उच्च न्यायालयात ॲडमिट होऊन, म्हणजे सुनावणीसाठी दाखल करून घेतलेलं, पडलं आहे, अंतिम सुनावणीचा नंबर काही लागत नाही. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागांची बातमी वाचली की ते अस्वस्थ होतात, आणि निवडणुकीचे वारे वाहू लागले की जास्तच. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. निवडणूक तोंडावर असताना न्यायाधीश नेमणं आचारसंहितेत बसतं का? बसत असलं तरी ते शोभतं का, की लोकांचा कौल येईपर्यंत थांबून नव्या सरकारला नेमू द्यावं? आणि अमेरिकेत यावरून एवढं रान पेटतं, मग आपल्याकडे सगळं गुपचूप कसं होतं?

मी पंचवीसहून जास्त वर्षं मुंबई उच्च न्यायालयात वकिली करते, बहुतेक काम अपेलेट साइडला, म्हणजे अपिलांच्या शाखेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देते: आचारसंहिता आड येत नाही, आणि थांबू नये. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, कारण तुमची खरी शंका वेगळी आहे. सत्तेवर असलेला पक्ष वेळ साधून आपल्या सोयीचे न्यायाधीश बसवू शकतो का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. त्याचं उत्तर ‘हो, काही प्रमाणात’ असं आहे. मात्र ही वेळ साधली जाते ती निवडणुकीच्या तारखेभोवती नाही. ती कुठे साधली जाते तेच सविस्तर सांगते.

आधी अमेरिकेचं बाजूला काढू. फेब्रुवारी 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अँटोनिन स्कॅलिया वारले. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गारलंड यांचं नाव पाठवलं. सिनेटमध्ये बहुमत विरोधकांचं होतं. निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना ठरवू द्या, असं म्हणत त्यांनी सुनावणीसुद्धा घेतली नाही. पुढे 18 सप्टेंबर 2020 रोजी न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या. त्याच पक्षाच्या सिनेटनं 26 ऑक्टोबरला एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक 52 विरुद्ध 48 मतांनी मंजूर केली, मतदानाला आठवडाभर राहिला असताना. चार वर्षांपूर्वीचं तत्त्व कुठे गेलं हे कुणी सांगितलं नाही. तिथला संताप समजण्यासारखा आहे. तिथे या न्यायाधीशांना निवृत्तीचं वय नाही, जागा मृत्यूनं किंवा राजीनाम्यानं अचानक रिकामी होते, आणि नऊपैकी एक माणूस बदलला की पुढच्या वीस-तीस वर्षांचे निकाल बदलू शकतात.

आपल्याकडे यातली एकही गोष्ट जशीच्या तशी लागू नाही. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश 62 व्या वर्षी निवृत्त होतात. ज्या दिवशी ते शपथ घेतात त्याच दिवशी त्यांची जागा कोणत्या तारखेला रिकामी होणार हे ठरलेलं असतं. एखादा राजीनामा, एखादा मृत्यू, सर्वोच्च न्यायालयात किंवा मुख्य न्यायमूर्ती म्हणून दुसरीकडे झालेली नेमणूक एवढे अपवाद सोडले, तर अचानक असं काही घडत नाही. म्हणून नेमणुकीच्या कार्यपद्धतीतच लिहून ठेवलं आहे की जागा रिकामी होण्याच्या निदान सहा महिने आधी मुख्य न्यायमूर्तींनी नावं पाठवावीत. हे पाळलं गेलं तर निवडणुकीच्या तोंडावर जागा रिकामी आहे की नाही हा प्रश्नच उभा राहणार नाही. तो उभा राहतो याचा अर्थ आधीच कुणाच्या तरी टेबलावर उशीर झाला आहे. तो कुणाच्या टेबलावर झाला, हे मी आधी बघते.

त्यासाठी फाइलचा रस्ता माहीत हवा. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दोन सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलून नावं ठरवतात. ती नावं मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातात. राज्याकडून सहा आठवड्यांत काही आलं नाही, तर राज्यपालांना काही म्हणायचं नाही असं केंद्रीय कायदामंत्र्यांनी धरून चालावं, अशी तरतूद आहे. मग गुप्तवार्ता विभागाचा अहवाल. मग सगळं बाड सरन्यायाधीशांकडे, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमकडे, जिथे सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश बसतात. त्यांनी शिफारस केली की फाइल पुन्हा कायदा मंत्रालयात, तिथून पंतप्रधानांकडे आणि शेवटी राष्ट्रपतींकडे. राष्ट्रपतींच्या सहीचं वॉरंट, म्हणजे नेमणुकीचा हुकूम, निघालं की शपथ. सरकारनं नाव परत पाठवलं आणि कॉलेजियमनं एकमतानं पुन्हा तेच पाठवलं, तर नेमणूक करणं सरकारवर बंधनकारक असतं.

कागदावर हे सगळं थोडक्या महिन्यांत उरकायला हवं. 20 एप्रिल 2021 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं मुदतीही घालून दिल्या: गुप्तवार्ता विभागाला चार ते सहा आठवडे, राज्याचं मत आणि हा अहवाल हातात आल्यावर फाइल पुढे पाठवायला केंद्राला आठ ते बारा आठवडे, आणि नाव दुसऱ्यांदा पाठवल्यावर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक. प्रत्यक्षात काय होतं याचं आमच्याच कोर्टातलं उदाहरण घ्या. सोमशेखर सुंदरेशन यांच्या नावाची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं 16 फेब्रुवारी 2022 रोजी केली. समाजमाध्यमांवर त्यांनी मांडलेल्या मतांचं कारण देऊन सरकारनं नोव्हेंबरमध्ये नाव परत पाठवलं. जानेवारी 2023 मध्ये कॉलेजियमनं ते पुन्हा पाठवलं. शपथ झाली नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस. दुसऱ्यांदा नाव गेल्यावर तीन-चार आठवडे लागायला हवेत, इथे दहा महिने लागले. या सगळ्या काळात महाराष्ट्रात ना लोकसभेची निवडणूक होती, ना विधानसभेची.

म्हणून मी म्हणते की निवडणुकीच्या तारखेकडे बघून फार काही कळत नाही.

आता आचारसंहिता. निवडणूक जाहीर झाल्यापासून मंत्र्यांनी आणि इतर अधिकाऱ्यांनी सरकारात किंवा सार्वजनिक उपक्रमांत तात्पुरत्या, मतदारांवर प्रभाव पडेल अशा नेमणुका करू नयेत, असं ती सांगते. राज्यघटनेच्या 217 व्या अनुच्छेदाखाली राष्ट्रपती करतात ती न्यायाधीशाची नेमणूक यात येत नाही. लेखी नियमापेक्षा घडलेली गोष्ट लवकर पटते म्हणून ती सांगते. 2019 ची लोकसभा निवडणूक ऐन भरात असताना, 8 मे रोजी कॉलेजियमनं सर्वोच्च न्यायालयासाठी न्यायमूर्ती सूर्य कांत आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भूषण गवई यांची नावं सुचवली, आणि सरकारनं परत पाठवलेली न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस व न्यायमूर्ती बोपण्णा यांची नावं पुन्हा पाठवली. नेमणुकीची अधिसूचना निघाली 22 मे रोजी. मतमोजणी 23 मे रोजी झाली. चौघांनी शपथ घेतली 24 मे रोजी. आचारसंहिता तेव्हा उठलेलीही नव्हती. कुणी हरकत घेतली नाही, आणि घेण्यासारखं काही नव्हतंही. तेव्हा ‘आचारसंहितेमुळे फाइल थांबली आहे’ असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

लोकांची गल्लत होते ती सरकारी वकिलांमुळे. राज्यात सरकार बदललं की महाधिवक्ता, म्हणजे राज्याचे सर्वांत वरचे सरकारी वकील, बदलतात, कारण ते पद राज्यपालांची मर्जी असेपर्यंतचं असतं. त्यांच्यामागोमाग सरकारी वकिलांच्या याद्याही बदलतात. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये काळे कोट तेच दिसतात, सरकारच्या बाजूनं उभं राहणारे चेहरे बदललेले असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं न्यायालयच बदललं. न्यायाधीश तेच असतात.

तरीही सरकार वेळ साधू शकतं असं मी वर म्हटलं. ते कसं, हे नीट सांगायला हवं, कारण इथेच खरं राजकारण आहे.

पहिला रस्ता ज्येष्ठतेचा. एका यादीत सहा नावं गेली आणि सरकारनं त्यातली चार आधी काढली, दोन अडवून ठेवली, तर नंतर आलेले दोघे कायमचे कनिष्ठ होतात. शपथ आधी झाली तो ज्येष्ठ. आज हा फरक चार महिन्यांचा दिसतो. दहा-बारा वर्षांनी हेच ठरवतो की उच्च न्यायालयाच्या कॉलेजियममधल्या तिघांत कोण बसेल, मुख्य न्यायमूर्ती म्हणून कुणाचं नाव पुढे येईल, सर्वोच्च न्यायालयात कोण पोचेल. नावं अशी वेगळी काढण्याबद्दल 2023 मध्ये न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या खंडपीठानं केंद्राला वारंवार खडसावलं होतं. यात कुणाला नाकारावं लागत नाही, कारण द्यावं लागत नाही, वर्तमानपत्रात मथळा येत नाही. फक्त एक फाइल खाली ठेवायची आणि दुसरी वर घ्यायची.

सरकार बदलताना हे कसं घडतं त्याचं उदाहरण 2014 चं आहे. सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या चार नावांपैकी तीन नव्या सरकारनं मान्य केली आणि ज्येष्ठ वकील गोपाल सुब्रमण्यम यांचं नाव परत पाठवलं. त्यांनी स्वतःच संमती मागे घेतली. आपल्याला न विचारता एक नाव वेगळं काढलं याबद्दल तेव्हाचे सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांनी उघड नाराजी व्यक्त केली. ‘नवं सरकार येईपर्यंत थांबावं’ म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. थांबल्यानं निवड जास्त लोकशाहीची होत नाही, फक्त ती फाइल दुसऱ्या मंत्र्याच्या टेबलावर जाते, आणि तो नव्यानं छाननी सुरू करतो.

दुसरा रस्ता अतिरिक्त न्यायाधीशांचा. मुंबई उच्च न्यायालयात मंजूर पदं 94 आहेत, त्यांपैकी 71 कायम आणि 23 अतिरिक्त. नवीन न्यायाधीश बहुतेक वेळा आधी अतिरिक्त म्हणून येतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. मग त्यांना कायम करायचं की नाही हे ठरतं. त्या दोन वर्षांत सरकारविरुद्धचं प्रकरण समोर आलं तर काय करायचं, हा प्रश्न त्या माणसाच्या मनात येत नसेल असं मी म्हणणार नाही. बहुतेक जण ताठ मानेनं काम करतात, हे मी रोज बघते. पण किंमत मोजावी लागलेलीही आहे. आणीबाणीत आमच्या न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश यू. आर. लळीत यांना कायम केलं गेलं नाही. पुढे सरन्यायाधीश झालेल्या उदय लळीत यांचे ते वडील. त्यामुळे निवडणुकीच्या आसपास कुठली तारीख बघायचीच असेल, तर कुणाची दोन वर्षं कधी संपताहेत ती बघा.

तिसरा रस्ता आज जवळपास बंद आहे, पण तो का बंद झाला हे मुंबईकरांनी विसरू नये. 18 जानेवारी 1977 रोजी इंदिरा गांधींनी लोकसभा निवडणूक जाहीर केली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरन्यायाधीश अजितनाथ रे निवृत्त होत होते. ज्येष्ठतेनं पाळी न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांची होती. आणीबाणीत जगण्याचा हक्कही निलंबित होतो का, या खटल्यात पाच न्यायाधीशांपैकी एकट्यानं सरकारविरुद्ध निकाल दिला होता तो त्यांनी. त्यांना डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं, निवडणूक जाहीर झाल्यानंतर पंधरवड्याच्या आत. खन्नांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये ते सरकार पडलं. तुम्ही ज्याला घाबरता आहात ते तंतोतंत हेच, आणि आपल्याच देशात घडलेलं.

पण पुढचं पान वाचायला हवं. जनता पक्षाच्या सरकारसमोर 1978 मध्ये तोच मोह आला. बेग यांच्यानंतर पाळी होती मुंबईचे यशवंतराव चंद्रचूड यांची, आणि त्याच आणीबाणीच्या खटल्यात ते सरकारच्या बाजूनं गेले होते. त्यांना डावला, असा आग्रह अनेकांनी धरला. सरकारनं तो मानला नाही, ज्येष्ठताच पाळली, आणि चंद्रचूड सात वर्षांहून जास्त काळ सरन्यायाधीश राहिले. मला हा निर्णय त्या सरकारच्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो. मागच्या सरकारनं डावललं म्हणून आपणही डावलायचं, हे एकदा सुरू झालं की दर निवडणुकीनंतर न्यायालयाची साफसफाई करायचा पायंडाच पडला असता.

त्यानंतरही सरकारांनी हात घातलाच. मार्च 1981 मध्ये कायदामंत्री शिवशंकर यांनी मुख्यमंत्र्यांना परिपत्रक धाडलं: अतिरिक्त न्यायाधीशांकडून आणि संभाव्य नावांकडून परराज्यात नेमणुकीची संमती घेऊन ठेवा. दुसऱ्या शब्दांत, कायम व्हायचं असेल तर बदलीची तयारी ठेवा. त्याला आव्हान दिलं ते मुंबईच्या वकिलांनी, मुंबई उच्च न्यायालयात. इक्बाल छागला पुढे होते, मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागलांचे चिरंजीव. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात वर्ग झालं आणि त्या वर्षअखेरचा निकाल सरकारला झुकतं माप देणारा लागला. 1993 आणि 1998 च्या निकालांनी ते पारडं फिरवून न्यायाधीशांच्या कॉलेजियमकडे नेलं. 2015 मध्ये कॉलेजियमच्या जागी आणलेल्या न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती चार विरुद्ध एक मतानं रद्द झाली. मला कॉलेजियम निर्दोष वाटत नाही. तिथली चर्चा बाहेर येत नाही, नाव का गळलं हे गळलेल्यालाही कळत नाही. पण निवडणुकीच्या आधी मंत्रिमंडळानं एका दमात दहा न्यायाधीश आपल्या पसंतीचे बसवावेत, हे त्यामुळे अशक्य झालं आहे. नाव ठरवण्याचा हक्कच सरकारकडे नाही. सरकारकडे उरला आहे तो वेळ.

तुम्ही विचाराल की आत बसलेला एखादा न्यायाधीश तरी पक्षाच्या बाजूचा असेल तर? जुलै 2025 मध्ये आमच्या न्यायालयासाठी एका वकील बाईंची शिफारस झाली. त्या पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या होत्या आणि दीड वर्ष आधी त्यांनी ते काम सोडलं होतं. विरोधकांनी मोठा आक्षेप घेतला. पुढे त्यांची नेमणूक झाली. पक्षाचं काम केलेली माणसं याआधीही न्यायाधीश झाली आहेत आणि त्यांतल्या काहींनी त्याच पक्षाला घाम फोडला आहे, हे खरं. पण दीड वर्षाचं अंतर मला पुरेसं वाटत नाही. निदान पाच वर्षांचं अंतर असावं आणि ते लिहून ठेवावं, असं माझं मत आहे. माझे काही जवळचे सहकारी याच्याशी सहमत नाहीत.

तरी एक समजून घ्या. नवा न्यायाधीश स्वतःसमोर कुठलं प्रकरण यावं हे ठरवत नाही. रोस्टर, म्हणजे कुणी कोणती प्रकरणं ऐकायची याचं वाटप, मुख्य न्यायमूर्ती काढतात. नवीन माणूस सहसा खंडपीठात कनिष्ठ म्हणून ज्येष्ठांशेजारी बसतो, किंवा एकट्यानं जामीन, द्वितीय अपिलं, असं काही बघतो. शिवाजी पार्कवर सभा कुणाची, प्रभागरचना बरोबर की चूक, अशी प्रकरणं त्याच्याकडे पहिल्याच महिन्यात येतील याची शक्यता फार कमी. राजकीय दृष्ट्या महत्त्वाची जागा एकच, मुख्य न्यायमूर्तींची. ती निवडणुकीच्या काळात रिकामी राहिली, महिनोन् महिने प्रभारींवर चालली, तर जरूर प्रश्न विचारा. बाकी नेमणुकांपेक्षा मी तिच्याकडे दहापट जास्त लक्ष देईन.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, तेही सांगते. फाइल मुख्यमंत्र्यांच्या टप्प्यावर असेल आणि विधानसभेची निवडणूक लागली, तर राज्याकडून वेळ लागू शकतो. प्रचारात गुंतलेल्या कार्यालयात अशी पत्रं तळाशी जातात. पण सहा आठवड्यांनंतर केंद्राला वाट बघण्याची गरज नसते. फाइल दिल्लीत असेल तर राज्यातल्या निवडणुकीचं कारण मुळीच चालत नाही. आणि बरेचदा दोष सरकारचा नसतोच. मुख्य न्यायमूर्तींची बदली झाली, कॉलेजियममधले एक निवृत्त झाले, तर नवी मंडळी यादी पुन्हा तपासतात. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार जागांची चर्चा अशीच थांबली: दोन सदस्यांना पत्रानं मत देण्याची पद्धत मान्य नव्हती, आणि तेवढ्यात पुढच्या सरन्यायाधीशांचं नाव कळवण्याचं पत्र सरकारकडून आलं. माझ्या अनुभवात विधानसभा बदलण्यापेक्षा कॉलेजियम बदलण्यानं फाइल जास्त रेंगाळते.

या रेंगाळण्याची झळ कुणाला लागते ते मी जवळून बघते. एखाद्या वकिलानं न्यायाधीश व्हायला संमती दिली की बारमध्ये, म्हणजे वकिलांत, कुजबुज सुरू होते, ‘नाव गेलंय म्हणे’. त्या दिवसापासून मोठी मॅटर यायची थांबतात, कारण पक्षकाराला वाटतं हे सहा महिन्यांत बेंचवर जातील, मग माझं काय? आहेत ती प्रकरणं ज्युनिअरकडे सोपवावी लागतात. आणि सहा महिन्यांचं दीड वर्ष होतं. माझ्या ओळखीतल्या एका अतिशय सचोटीच्या वकिलानं असं थांबून थांबून शेवटी संमती मागे घेतली. ना धड वकिली राहिली, ना न्यायाधीशपद मिळालं. पुढच्या वेळी मुख्य न्यायमूर्तींनी चांगल्या माणसाला विचारलं की तो हात जोडतो. चांगली माणसं नाही म्हणतात तेव्हा उरलेल्यांतून निवड होते, आणि हे नुकसान कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

दुसरी झळ तुमच्या वडिलांसारख्यांना. रात्री दुसऱ्या दिवसाचं बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, वेबसाइटवर येतं. एक बेंच बसणार नसेल तर तिची तातडीची प्रकरणं शेजारच्या बेंचकडे जातात, आणि त्या बेंचच्या अंतिम सुनावण्या आपोआप मागे सरतात. सकाळी साडेदहाला रायगडहून पहिल्या गाडीनं आलेला माणूस मागच्या बाकावर बसलेला असतो, पिशवीत कागद. दुपारी साडेचारला शिरस्तेदार सांगतात, रीच झालं नाही, म्हणजे नंबर लागलाच नाही. पुन्हा तारीख. ज्येष्ठ नागरिक असतील किंवा आजारी असतील, तर तुमच्या वकिलांना अग्रक्रमानं सुनावणीसाठी अर्ज करायला जरूर सांगा. असे अर्ज न्यायालय सहानुभूतीनं बघतं. 94 च्या 94 जागा भरलेल्या मी आजवर बघितलेल्या नाहीत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, एवढ्या ठिकाणी ही माणसं वाटून द्यायची आहेत.

आणि निवडणूक झाल्यावर काय होतं, हा भाग तर कुणीच विचारात घेत नाही. आमदार-खासदारांच्या निवडीला आव्हान देणारी याचिका उच्च न्यायालयातच येते, निकालापासून 45 दिवसांच्या आत. 23 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निकालानंतर ही मुदत जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात संपली. लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की अशी याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. साक्षीपुरावा घ्यायचा असतो, जवळजवळ दिवाणी दाव्यासारखा, त्यामुळे ते एका न्यायाधीशाचे कित्येक दिवस खातं. माणसं कमी असली की या याचिका मागे पडतात. मनोहर जोशी 1990 मध्ये दादरमधून निवडून आले, उच्च न्यायालयानं ती निवड 1993 मध्ये रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उलटवला 11 डिसेंबर 1995 रोजी. तोवर पुढची निवडणूक होऊन ते मुख्यमंत्री झाले होते. निवड वैध होती हा अंतिम निकाल मुदत उलटून गेल्यावर आला. उद्या उलट घडलं, निवड अवैध असूनही माणूस पाच वर्षं आमदार राहिला, तर मतदाराच्या हातात काय उरलं? निवडणुकीच्या आधी जागा भरण्याचं हेच माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण आहे. कोण जिंकेल हे ठाऊक नसताना नेमलेले न्यायाधीश, जिंकलेल्याविरुद्धची याचिका वेळेत ऐकायला हजर असले पाहिजेत. निवडून आलेल्या सरकारनंच मग निवडून निवडून नावं काढली, तर त्या याचिका ऐकणाऱ्यांबद्दल शंका घ्यायला जास्त जागा राहील.

तेव्हा तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर असं करा. केंद्राचा न्याय विभाग दर महिन्याला प्रत्येक उच्च न्यायालयातल्या रिकाम्या जागांचा तक्ता त्यांच्या वेबसाइटवर टाकतो. कॉलेजियमच्या शिफारशी 2017 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर येतात, आणि नेमणुकीच्या अधिसूचनेवर तारीख असतेच. एखाद्या नावाची शिफारस कधी झाली, अधिसूचना कधी निघाली, त्याच यादीतली बाकीची नावं कधी निघाली, या तीन तारखा एका कागदावर मांडा. एकाच दिवशी शिफारस झालेल्या दोघांच्या अधिसूचनांत सात-आठ महिन्यांचं अंतर दिसलं, तर तिथे बोट ठेवा, मग निवडणूक असो वा नसो.

आणि तुमचे खासदार मत मागायला येतील तेव्हा त्यांना एकच काम सांगा. संसदेत अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न विचारायचा: मुंबई उच्च न्यायालयासाठी कॉलेजियमनं शिफारस केलेली किती नावं आज सरकारकडे आहेत, प्रत्येकाच्या शिफारशीची तारीख कोणती, त्यांतली किती दुसऱ्यांदा पाठवलेली आहेत, आणि तीन-चार आठवड्यांची मुदत किती जणांच्या बाबतीत उलटून गेली आहे. फक्त ‘किती जागा रिकाम्या आहेत’ असं विचारलं तर एक आकडा आणि ‘ही सतत चालणारी प्रक्रिया आहे’ हे ठरलेलं वाक्य मिळतं. तारखा मागितल्या तर तारखा द्याव्या लागतात, निदान त्या का देता येत नाहीत हे लेखी सांगावं लागतं. सत्ताधारी पक्षाचे खासदार असतील तर त्यांनाही हा प्रश्न विचारायला काहीच अडचण नाही.